लाल दिव्यावर नापास केलेली गाडी

"काका, निळी आजपण बसून आहे," हरेशभाई फोनवर म्हणाले. "तिसरा दिवस! रमणच्या घरी लावली की लाल दिवा, आणि आपल्या गोडाऊनला लावली की मुकाट चार्ज होते. आपल्याला काम करणारी गाडी पाहिजे, नखरेवाली नको. रिपोर्ट पांढरीचा करून टाका."

मी रिपोर्ट पांढरीचाच करत होतो.

हरेशभाईंचं डहाणू रोडला भाजीचं गोडाऊन आहे. तलासरीच्या पूर्वेला डोंगराकडच्या गावांतून सकाळी मिरची, वांगी, दुधी गोळा करायचे आणि दहाच्या आत गोडाऊनला पोचवायचे, हा त्यांच्या पिकअपचा रोजचा धंदा. जुनी डिझेल पिकअप थकली होती. इलेक्ट्रिक घ्यायची म्हणून दोन कंपन्यांकडून एकेक गाडी पंधरा दिवसांच्या ट्रायलला आणली, एक पांढरी, एक निळी. कोणती घ्यायची ते सांगायचं काम माझ्याकडे. मी कारखान्याच्या ट्रान्सपोर्ट विभागात उभा जन्म काढला. रिटायर झाल्यावर लोक असली कामं आणतात आणि मला नाही म्हणता येत नाही.

कंपन्यांची माहितीपत्रकं मी बाजूला ठेवली. त्यातली रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी किती जाते तो आकडा, रिकाम्या गाडीचा आणि गुळगुळीत रस्त्याचा असतो. आमच्याकडे दोन्ही नाही. मी क्रेट भरून दोन्ही गाड्या चढावर नेल्या, अच्छाडच्या बाजूला हायवेवर ट्रेलरच्या रांगेत चालवल्या, बाजाराच्या गर्दीत रिव्हर्स घेतल्या. उतारावर दोन्हींची मोटर जनरेटरसारखी चालून थोडी वीज बॅटरीत परत टाकते, तेही मोजलं. पांढरी जरा जास्त वजन घ्यायची, जरा जास्त लांब जायची. निळीचं स्टिअरिंग हलकं, पाठीला त्रास कमी. फरक उन्नीस-बीसचा होता.

खरा फरक चार्जिंगचा निघाला. गावांचा माल सकाळी लवकर उचलायचा, म्हणून गाडी ड्रायव्हर रमणच्या पाड्यावरच राहते. दुपारी परत गेला की घरच्या प्लगला लावायची. तिथे पांढरी निमूट चार्ज होई आणि निळी लाल दिवा मिचकावत बसे. मी तक्त्यात लिहून टाकलं, 'निळी: घरगुती प्लगवर नापास.'

रिपोर्टला प्लगचा फोटो हवा होता म्हणून एका दुपारी मी रमणकडे गेलो. आधी दोनदा गेलो होतो, पण रस्त्यावरूनच, सेफ्टी शूज घालून. या वेळी त्याच्या बायकोने, सविताने, चहाला आत बोलावलं. अंगण नुकतंच शेणाने सारवलेलं, अजून ओलसर. त्यावर बूट घालून कोण जाईल? मी बूट काढून अंगणात आलो. पांढरी पडवीला लागून चार्जिंगला होती. जाताजाता तिच्या मागच्या फाळक्याच्या पत्र्याला हात टेकला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या.

मी हात झटकून मागे सरलो. सविता हसली.

"फळीवर उभं राहायचं साहेब, मग नाही लागत."

गाडीला लागून खरंच एक फळी टाकलेली होती. क्रेट चढवायला-उतरवायला.

"हे कधीपासून होतंय?"

"पहिल्या दिवसापासून. इलेक्ट्रिकची गाडी आहे ना, करंट तर असणारच."

मी मेन स्विच बंद केला आणि सॉकेट उघडून पाहिलं. सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकामागे तारच नव्हती. ती तार अर्थिंगची. वीज चुकून गाडीच्या पत्र्यावर उतरली तर तिला जमिनीत जायला दिलेली ही वाट. ती नसली की वीज माणसातून वाट काढते. आज झिणझिण्या होत्या. चार्जरमध्ये एखादी वायर सुटली असती तर त्या पत्र्याला हात लावणारी बाई उठली नसती.

मग शेजारी उभ्या निळीच्या डॅशबोर्डखालची पुस्तिका काढली, जी मी इतक्या दिवसांत उघडली नव्हती. लाल दिवा मिचकावला तर अर्थिंग नाही, असं चित्रासकट छापलेलं होतं. निळी तीन दिवस तेच सांगत होती आणि मी तिला नापास करत होतो. इतकी वर्षं वर्कशॉपमध्ये घालवलेल्या माणसाला याची लाज वाटायला हवी, आणि वाटली.

रमण पडवीतून हे पाहत होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, शेठना नका सांगू. गाडी इथे ठेवायची नाही म्हणाले तर ते डहाणूचाच ड्रायव्हर घेतील. माझं काय?"

"तुला आधीच कळलं होतं ना?"

"हळू करंट आहे. मी सवय केली."

मला त्याचा राग आला आणि दुसऱ्याच क्षणी गेला. मी तिथूनच हरेशभाईंना फोन लावून सगळं सांगितलं.

"थोडा करंट तर मिक्सरला पण येतो, काका," हरेशभाई म्हणाले.

"उद्या या. चपला काढून हात लावा. नंतर बोलू."

ते आले. चपला काढल्या, एक बोट लावलं, आणि तिथूनच वायरमनला फोन केला. पडवीमागे खड्डा खणला, पाइप उभा पुरला, भोवती मीठ आणि कोळसा भरला, वरून पाणी ओतलं, तिथून जाड तार सॉकेटपर्यंत आणली. वीज गळली की आपोआप बंद पडणारा स्विचही बसवला. गाडी रमणकडेच राहील, हे हरेशभाईंनी त्याच्यासमोर सांगितलं.

"आता अर्थिंग झालं," ते मला म्हणाले. "मग पांढरी का नको?"

"उद्या ही तार उंदराने कुरतडली तर पांढरी बोलणार नाही. निळी चार्जिंगच बंद करेल."

निळी घेतली. तिची रेंज रोजच्या फेरीला पुरून उरते.

पहिल्या दुपारी चार्जिंगला लावली तेव्हा मी हजर होतो. हिरवा दिवा लागला. मी समाधानाने बूट घालत होतो, एवढ्यात सविता अनवाणी गाडीजवळ गेली, पत्र्यावर पुरा तळहात ठेवून थांबली आणि नवऱ्याला हाक मारली.

"अहो, ही बंद आहे. हाताला काहीच लागत नाही."

"म्हणजे?" मी विचारलं.

"रोज हात लावूनच तर बघते ना साहेब, चार्जिंग चालू आहे की नाही."

मी तिला दिवा दाखवला. हिरवा म्हणजे चालू, लाल म्हणजे बंद, हात लावायचा नाही, असं तीनदा सांगितलं. तिने तीनदा मान हलवली आणि चौथ्यांदा हात लावून बघितला.

आता कुठल्याही गाडीचा रिपोर्ट करताना मी ड्रायव्हरच्या घरच्यांना आधी विचारतो, गाडी चार्ज होतेय हे तुम्हाला कसं कळतं?