मुठीतला चिंचोका

"आला का घरी? नाय ना? मग टाकू नको," असं म्हणत मावशींनी माझ्या बोटांतून चिंचोका काढून घेतला. त्यांच्या हाताला कणीक लागलेली होती आणि नजर टीव्हीवर होती.

वाळूजच्या आमच्या कंपनीच्या कॅन्टीनमध्ये त्या पोळ्या करायच्या. तिथल्या टीव्हीचा रिमोट हरवला आणि टीव्ही खेळाच्या एकाच चॅनेलवर अडकला. सकाळी नऊच्या चहाला जावं, तर अमेरिकेतली बेसबॉलची मॅच रंगात आलेली. आम्ही सगळे क्रिकेटवाले. "हा काय खेळ, निम्मे लोक नुसते उभे!" म्हणून नाकं मुरडायचो. मावशी मात्र बघायच्या. कुणी हसलं तर लाटणं न थांबवता म्हणायच्या, "तुमचं तुमी बघा. माझं मी बघनार."

हा खेळ त्यांना कुणी शिकवला नव्हता. त्यांचं माहेर सोयगावकडचं, मेंढरंवाल्यांचं. लहानपणी रोज संध्याकाळी मेंढवाड्याच्या तोंडाशी उभं राहायचं आणि आत शिरणाऱ्या प्रत्येक मेंढीमागे एक खडा टाकायचा, हे त्यांचं काम. बेसबॉलमध्येही गडी निघतो, कोपऱ्याकोपऱ्याला शिवत जातो आणि निघाला तिथंच, म्हणजे घरी, परत पोचला तर धाव. मावशींना एवढं पुरलं. दोन संघांच्या दोन वाट्या आणि बरणीभर चिंचोके घेऊन त्या बसायच्या; गडी घरी आला की त्याच्या संघाच्या वाटीत एक चिंचोका.

त्या दिवशी मी शहाणपणा केला होता. चेंडू लांब गेला, गडी शेवटच्या कोपऱ्यावरून सुटला, धाव झालीच समजून मी चिंचोका टाकायला गेलो. गडी घरापासून दोन हातांवर बाद झाला. "लांडगा दारातून बी नेतो, भाऊ," मावशी म्हणाल्या.

तेव्हापासून मी बघायला शिकलो. न मारता सोडून दिलेल्या चेंडूतही केवढा खेळ असतो, हे मला तिथं कळलं. डाव संपताना कुणी अधल्यामधल्या कोपऱ्यावर अडकला, तर त्याचा चिंचोका मावशी वाटीत टाकत नसत आणि बरणीतही परत ठेवत नसत. तो त्यांच्या मुठीत राहायचा. "रानात राह्यलं बिचारं," म्हणायच्या, आणि खरंच वाईट वाटून घ्यायच्या.

मग कॅन्टीनला नवा ठेकेदार आला. कामाच्या वेळेत टीव्ही बंद, असा त्याचा हुकूम. एका सकाळी मावशींचा संघ एका धावेनं मागे होता. एक गडी तिसऱ्या कोपऱ्यावर उभा, आणि आणखी एक बाद झाला की सगळं संपणार. नेमका तेव्हा ठेकेदारानं टीव्ही बंद केला. मावशी उठल्या, स्टुलावर चढल्या आणि त्यांनी तो पुन्हा लावला.

"टीव्ही पाहिजे का काम?"

"पोळ्या झाल्या. डबा उघडून बघा. येकच गडी राह्यलाय, सायेब. बघितल्याबिगर मी हलनार नाय."

आणि त्या हलल्या नाहीत. मारणारा बाद झाला, संघ हरला. तिसऱ्या कोपऱ्यावरच्या गड्याचा चिंचोका त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला आणि परात घासायला गेल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांना येऊ नका म्हणून सांगितलं गेलं.

आम्ही वीस-पंचवीस माणसं तिथं चहाचे ग्लास धरून बसलो होतो. एकानंही तोंड उघडलं नाही. मीही नाही. याची मला लाज वाटते.

आता रोज नऊला मी स्टुलावर चढतो. ठेकेदार ओरडतो. "शेवटचा बाद झाला की बंद करतो," असं सांगून मी वाट्या मांडतो. मावशींना परत घ्या, असा अर्ज लिहिलाय. हसणाऱ्यांपैकीच अकरा जणांनी त्यावर सह्या केल्यात आणि तेच आता चहा घेऊन माझ्या शेजारी बसतात.

परवा त्यांतल्या एकानं माझ्या मुठीकडं बोट दाखवलं. "तो एक कधीचा धरून बसलायस. टाक की वाटीत."

"मावशी कुठं आल्यात अजून?" मी म्हणालो.