बारागाड्यांनी पळवलेला पहिला नंबर

चहा घ्या, पण एका अटीवर. हसायचं नाही! आजवर ज्याला ज्याला हा किस्सा सांगितला तो तो पोट धरून हसला, आणि माझा जीव मात्र अजून जळतो. अन्याय झालाय हो माझ्यावर! धडधडीत अन्याय!

तेव्हा मी धुळ्यात मॅट्रिकच्या वर्गात होतो. अभ्यासात बेताचा, पण पळण्यात माझा हात, म्हणजे पाय, धरणारा कुणी नव्हता. नाशिकला मोठी शर्यत होणार होती आणि मला तिथं जायचं होतं. आमचे आबा सरकीचे व्यापारी. पोरानं चड्डी घालून रस्त्यानं पळावं हे त्यांना मुळीच पसंत नव्हतं.

"गावनी शर्यतमा पहिला ये, मंग जाय नाशिकले," आबा म्हणाले. "नही उना, ते पयनं बंद. दुकानवर बठानं!"

झालं! माझं सगळं नशीब त्या एका शर्यतीवर.

आता शर्यत भरवणाऱ्यांचं डोकं बघा. ती धुळ्याजवळच्या एका खेड्यात संपणार, आणि तीही नेमकी तिथल्या जत्रेच्या दिवशी. का? तर बघायला आयती गर्दी मिळते! आमच्या तालमीचे गुरुजी निघताना म्हणाले, "शेतातून, नाल्यातून पळा. नदी ओलांडली की वाजंत्री ऐकू येईल. तिथं शेवट."

'तिथं शेवट'! हे शब्द नीट लक्षात ठेवा. पुढच्या सगळ्या गोंधळाचे धनी गुरुजी आहेत, मी नाही.

मी सुटलो तो सुटलोच. ढेकळं, काटे, कुत्री, कशाला म्हणून जुमानलं नाही. नदी ओलांडली तेव्हा मागं चिटपाखरू नव्हतं. कमरेला तालमीचा पिवळा पट्टा, अंग उघडं, घामानं चिंब. आणि समोर काय? ढोल! डफ! माणसांचा हा समुद्र! मला पाहताच एकच गलका उठला,

"उना रे उना! उना!"

आला रे आला, म्हणजे मीच! मी धावत जाऊन मधोमध उभा राहिलो. गळ्यात हार पडला. बायांनी ओवाळलं. मनात म्हटलं, वा! खेड्यातली माणसं, पण गुणाची कदर आहे! मग दोघांनी मूठमूठभर हळद माझ्या अंगाला फासली. थोडी डोळ्यात गेली, तरी मी हसत राहिलो. जिंकलेल्या माणसानं कसं मोठ्या मनानं वागावं!

एक पागोटेवाले नाना हात जोडून म्हणाले, "चाला भाऊ, गाडा तयार शेत. बठ्ठा तुम्हनीच वाट देखी ऱ्हायनात."

गाड्या! म्हणजे मिरवणूक! पाहतो तो एकीला एक बांधलेल्या गाड्यांची ही लांब रांग, आणि त्यात माणसं खच्चून बसलेली.

"अहो नाना, एक गाडी पुरे होती!" मी विनयानं म्हणालो. "माझ्या एकट्यासाठी इतक्या कशाला?"

आता तुम्ही म्हणाल, खानदेशातला माणूस तू, तुला बारागाड्या ठाऊक नाहीत? ठाऊक आहेत हो! लहानपणापासून पाहतोय. देवाचा भगत पळत येतो, त्याला हळद लावतात आणि माणसांनी भरलेल्या बारा गाड्या तो एकटा ओढून नेतो. बैल जुंपतच नाहीत. पण माझ्या डोक्यात त्या वेळी शर्यतीचा कप शिरला होता. दुसरं काही शिरायला जागाच नव्हती! आणि तिथला म्हातारा भगत यंदा आजारी, त्याचा भाचा परगावाहून पहिल्यांदाच येणार, त्याचं तोंड गावानं पाहिलेलं नाही, हे मला कोण सांगणार?

मी ऐटीत पहिल्या गाडीवर पाय ठेवला. नानांनी मला कमरेला धरून खाली ओढलं.

"भाऊ, कथा चढतस? तुम्हले ते वढना शेत!"

"ओढायच्या?" माझं टाळकंच सरकलं. "मी पहिला आलोय! पहिल्या आलेल्याला गाडीला जुंपता? लाज नाही वाटत?"

मी थरथरत होतो, डोळे हळदीनं लाल झालेले. झालं! गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "अंगमा उनं रे! देव भलता रागमा शे!"

मी जितकं ओरडावं तितके लोक पाया पडायला लागले! एका बाईनं तान्हं पोर माझ्या पायावर घातलं. आता पायावर पोर असताना माणसानं पळून तरी कसं जायचं? तेवढ्यात माझ्या कमरेला दोर अडकला आणि ढोल दणाणला. तिकडून आमच्या तालमीतला मोतीराम पळत आला, माझ्याकडं पाहून क्षणभर थबकला.

"काय रे, आठे काय करी ऱ्हायना?"

आणि गेला पुढं! दगाबाज!

त्याला गाठायचंच म्हणून मी जीव खाऊन ओढलं. गाड्या तसूभर हलल्या नाहीत. इतक्यात हातात लिंबाचा डहाळा घेऊन एक हडकुळा माणूस पळत आला.

"मी भगत शे," तो म्हणाला. "हाऊ कोन?"

नानांनी कपाळावर हात मारला. पण हळद लागलेल्या अंगावर हात कसा टाकायचा, म्हणून मला सोडवून मुकाट्यानं पहिल्या गाडीत बसवलं. आणि काय सांगू, त्या हडकुळ्यानं दोर लावला, मागून पोरांनी रेटा दिला, उतार लागला आणि गाड्या सुटल्या! मोतीराम अजून जत्रेच्या गर्दीतून वाट काढत होता, तो उडी मारून बाजूला झाला. पुढं शर्यतीची खरी फीत होती. ती भगतानं तोडली आणि पाठोपाठ मी, बसल्या बसल्या, पार झालो!

"पहिला नंबर मोतीराम!" गुरुजींनी पुकारलं.

"मी त्याच्या आधी आलो!" मी गाडीतून ओरडलो. "भगताला पहिला द्या, पण मला निदान दुसरा तरी द्या!"

गुरुजींनी कप मोतीरामच्या हातात दिला.

मी तसाच पिवळाधमक घरी गेलो. वाटलं, आबा चिडतील, जाऊन भांडतील, पोराची बाजू घेतील. सगळं तावातावानं सांगितलं. आबांनी शांतपणे सुपारी कातरली आणि एकच प्रश्न विचारला.

"गाडाले बैल नव्हता का रे?"

"नव्हता ना, आबा! बैल नसतोच!"

"कसा नही?" आबा म्हणाले. "व्हता ना. गाडामा बठेल व्हता!"