नकार देण्याची मुभा

मंडळी, दुपारपासून एक सही मनातून जात नाहीये.

उद्या बाबांचं यकृताचं ऑपरेशन आहे, विद्यापीठाच्या मोठ्या रुग्णालयात. संशोधनासाठी यकृताचा बारीकसा तुकडा जादा घ्यायचा म्हणून एक तरुण डॉक्टर संमतीपत्र घेऊन आल्या.

"नाही म्हणालात तरी उपचारांत फरक पडणार नाही, काका."

"ऑपरेशनला तुम्ही असणार का?" बाबांनी विचारलं.

"हो, सरांसोबत."

"मग आणा पेन. उद्या सुरी तुमच्याच हातात असणार."

त्या ओशाळून हसल्या. बाबा हसले नाहीत, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. 'नको असेल तर नको म्हणा,' एवढंच मी बोलायला हवं होतं.

मी विचारलं, "डॉक्टर, सही कुठे करायची?"

तुम्ही असतात तर नाही म्हणाला असतात?