डोकेबाईंचा प्रयोग

मानसशास्त्र शिकवणारी माणसं मनाने उदार असतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्या डोकेबाई पाहिल्या नव्हत्या. बाई डूख धरत. भाईंदर पूर्वेला स्टेशनजवळच्या एका भाजीवाल्याने त्यांच्या पिशवीत सडके टोमॅटो घातले, तेव्हापासून त्याचं तोंड बघायला नको म्हणून त्या दोन्ही हातांत पिशव्या घेऊन अख्खा वळसा घालून घरी जायच्या.

नाव आम्ही पोरींनी ठेवलं होतं. कोणी काहीही केलं की बाई विचारायच्या, "तेव्हा तुझ्या डोक्यात काय चाललं होतं?" उशिरा आलेल्या मुलीला विचारायच्या आणि अंगावर गाडी घालणाऱ्या रिक्षावाल्यालाही, "भैया, उस वक्त दिमाग में क्या चल रहा था?" तो भांडायच्या तयारीने उतरलेला असायचा, आणि खरंच विचार करत बसायचा.

विभागप्रमुख सरांशी त्यांचं हाडवैर. सरांचं शास्त्र सोपं होतं. बक्षीस दाखवा, शिक्षा दाखवा, माणूस वळतो. आत काय चालतं ते दिसत नाही, तर त्याचं नाव कशाला काढायचं? बाई वर्गात म्हणायच्या, "एकाच शिक्षेने एक पोरगी गप्प बसते, दुसरी पेटून उठते. का? माणूस घटनेवर वागत नाही गं, त्या घटनेचा तो जो अर्थ लावतो त्यावर वागतो." मी मोरवा गावची, मिठागरवाल्यांच्या घरातली, कॉलेजात गेलेली पहिली. ते ऐकलं आणि ठरवलं, शिकीन तर हेच.

ही नव्वदच्या आसपासची गोष्ट. टी.वाय.ला तो विषय देण्याआधी सर तोंडी परीक्षा घ्यायचे. उत्तर मला येत होतं. पण घाबरले की माझ्या तोंडून गावची बोली येते. "न्हाय सर, तसं न्हाय," एवढंच म्हणाले, तर सर बाकीच्या प्राध्यापकांकडे बघून हसले आणि म्हणाले, हिला शिवणक्लासला पाठवा. पुढे बोलूच दिलं नाही. घरी बाबांनी बजावून ठेवलेलं, विषय मिळाला नाही तर कॉलेज बंद. उत्तनजवळच्या चौक गावचं स्थळ दारात येऊन बसलं होतं.

मला सरांचं वाटोळं झालेलं बघायचं होतं, आणि बाईंना मी ते तसंच सांगितलं. त्यांनी समजूत वगैरे काही घातली नाही. चहा दिला आणि कपाटातून टेपरेकॉर्डर काढला.

पुढच्या आठवड्यात त्यांनी प्राचार्यांसकट सगळ्यांना स्टाफरूममध्ये बसवलं. नवं प्रात्यक्षिक आहे, दोन मुलींची उत्तरं ऐका आणि गुण द्या म्हणाल्या. टेप घरघरत सुरू झाली. पहिली मुलगी छान शहरी मराठीत बोलली, दुसरी गावच्या बोलीत. सरांनी पहिलीला भरभरून गुण दिले, दुसरीला नापास केलं. वर म्हणाले, हिच्या डोक्यात विषयच शिरलेला नाही.

मग बाईंनी मला आत बोलावलं आणि मी दोन्ही उत्तरं सगळ्यांसमोर पुन्हा म्हणून दाखवली. मुद्दे तेच, उदाहरणं तीच, क्रमही तोच. दोन्ही मुली मीच होते.

बाईंनी आवाज जराही न चढवता विचारलं, "सर, गुण देताना तुमच्या डोक्यात काय चाललं होतं?"

सरांचं तोंड काळंठिक्कर पडलं. विषय मला प्राचार्यांनी तिथल्या तिथे दिला. चौकच्या मंडळींना बाबांनी नकार कळवला. त्या दिवशीचा सरांचा चेहरा मी आजही मनात काढून बघते, आणि खोटं कशाला बोलू, अजून तेवढाच आनंद होतो.

वर्ष संपलं आणि बाईंची नोकरी गेली. त्या कायम नव्हत्या, दरवर्षी त्यांची शिफारस सरच करायचे. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. सामान बांधायला गेले तेव्हा विचारलं, बाई, तुम्हाला ठाऊक होतं हे असं होणार? "होतं की," त्या दोरी आवळत म्हणाल्या. "एकदाच करायला मिळणार होतं, म्हणून नीट करून घेतलं."

त्या नाशिकला गेल्या आणि काही वर्षांनी तिथेच वारल्या. मी तोवर आमच्याच कॉलेजात शिकवू लागले होते. तिथल्या शोकसभेत सर बोलायला उभे राहिले. बाईंच्या फोटोला त्यांनी मनापासून हात जोडले. म्हणाले, फार गुणी बाई, मी परोपरीने थांबा म्हणत होतो, पण त्या स्वतःहून सोडून गेल्या.

खोटं बोलत नव्हते ते. इतक्या वर्षांत त्यांच्या डोक्याने ती गोष्ट सोयीची करून ठेवली होती, आणि आता त्यांना ती तशीच आठवत होती. माणूस जुनी गोष्ट नुसती आठवत नाही, दर वेळी ती नव्याने रचतो, हे मी त्याच सकाळी वर्गात शिकवलं होतं. सगळं समजत होतं मला. पण समजलं म्हणून सोडून द्यायचं, असं बाईंनी मला कधी शिकवलं नव्हतं.

मी उभी राहिले.

"सर, त्या गेल्या नव्हत्या. तुम्ही त्यांना काढलंत. आता खाली बसा."