वेशीबाहेरचा भाऊ

हमरस्त्यावर काम चाललं होतं, म्हणून आम्ही गाडी आडरस्त्याला घातली. एका खेड्याच्या वेशीबाहेर, बाभळीखाली, कमरेइतका वीरगळ दिसला आणि आम्ही उतरलो. दगडावर खाली गाई कोरलेल्या, वर ढाल-तलवार घेतलेला माणूस. गाई सोडवताना मेलेला कुणीतरी असावा. नाव कुठेच नव्हतं. कपाळाला मात्र कुंकू होतं आणि पायाशी विझलेल्या पणत्या.

शेळ्या घेऊन चाललेल्या एका आजींना मी विचारलं, "हा देव कोणता?"

"द्येव न्हाई, भाऊ हाय. जिला भाऊ न्हाई, ती भाऊबिजेला ह्याला ओवाळती."

"आमच्याकडे चंद्राला ओवाळतात," बायको हळूच म्हणाली. ती एकुलती एक. दर भाऊबिजेला ताट घेऊन गच्चीत जाते.

"त्यो लई लांब, बाई," आजी म्हणाल्या. "ह्यो हाताला तरी लागतो."

आजी गेल्या. मी त्या दगडाकडे पाहत राहिलो. नाव टिकलं असतं, तर हा एखाद्या घराण्याचा मूळपुरुष होऊन बसला असता. पुसलं गेलं म्हणून कुणाचाही भाऊ होऊ शकला.

फोटो काढून मी गाडीकडे वळलो. बायको अजून तिथेच होती. ओढणीच्या टोकाने त्याच्या तोंडावरची धूळ पुसत होती.

"निघू या ना? उशीर होतोय," मी म्हणालो.

"थांबा हो जरा," ती मागे न बघताच म्हणाली. "माहेरी आल्याआल्या कुणी निघतं का?"