मलिद्याच्या दिवशी दानियलकाकांच्या मशीनमध्ये काय होतं?

इथे ग्रुपवर लोक अनुभव टाकतात ना... बंद खोलीतला पंखा आपोआप फिरला, टीव्ही आपोआप लागला... त्याखाली "आधी वायरिंग चेक करा" अशी कमेंट टाकणारी जी बाई आहे, ती मीच. दरवेळी. वैतागून काहींनी मला ब्लॉकसुद्धा केलंय. त्यामुळे आज मीच अनुभव लिहायला बसलेय हे बघून ज्यांना हसायचंय त्यांनी आधी हसून घ्या. मी थांबते.

झालं? तर... माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता, आणि आजही आहे असं म्हणायला जीभ वळत नाही. मी मशीनवाली बाई. बायोमेडिकलचा डिप्लोमा केला आणि पनवेलला भावाबरोबर दुकान टाकलं — पेशंटचे बेड, व्हीलचेअर, ऑक्सिजनची मशीनं. भाऊ दुकानात एसीत बसतो आणि मी स्कूटरवर बॅग टाकून कळंबोलीपासून विचुंब्यापर्यंत घरोघरी सर्व्हिसिंग करत फिरते. बिघाड सापडला नाही असं माझ्या बाबतीत फारसं होत नाही, आणि याचा मला थोडा माज आहे हेही सांगून टाकते.

पुढचं कळण्यासाठी एवढंच माहीत असू द्या. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर खोलीतली हवा ओढतो, तिच्यातला नायट्रोजन अडवतो आणि उरलेला ऑक्सिजन नळीने पेशंटच्या नाकात देतो. हे अडवण्याचं काम करणारी दोन नळकांडी आत असतात, बारीक दाण्यांनी भरलेली. आम्ही त्यांना कॉलम म्हणतो. कॉलम काढले तर मागे उरतो नुसता घरघर करणारा पंप. हे वाक्य जरा लक्षात ठेवा.

दानियलकाका आणि रिबकाकाकू जुन्या पनवेलमध्ये तळ्यापासून दोन गल्ल्या आत, दुसऱ्या मजल्यावर राहतात. बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. मराठी तुमच्या-आमच्यासारखीच, काकूंच्या हातची नारळाच्या दुधातली आमटी तर आमच्यापेक्षा चांगली. एके काळी त्यांच्या समाजाची कितीतरी घरं इथे होती, आता बहुतेक सगळे इस्रायलला गेले. काकांचा मुलगाही तिकडेच. काका मात्र हलले नाहीत. पनवेल सोडलं तर मला झोप कोण आणून देईल, असं म्हणतात.

काका सरकारी ऑफिसातून रिटायर झालेले, पण समाजात ओळख आवाजाची. कुणाकडे काही शुभकार्य असलं की मलिदा होतो — एलियाहू हनाबी, म्हणजे त्यांचे संदेष्टे, त्यांच्या नावाने केलेली प्रार्थना आणि भिजवलेल्या पोह्यांचा गूळ-खोबरं घातलेला प्रसाद. पनवेल-आपटा पट्ट्यात मलिदा कुणाकडेही असो, प्रार्थना म्हणायला काकाच. मग फुप्फुसांनी दगा दिला. मोठं आजारपण झालं, हॉस्पिटलची वारी झाली आणि घरी आले ते नाकात नळी घेऊन. काकूंनी नवस बोललेला, हे घरी आले तर मलिदा करीन. त्यासाठी त्यांची नात नोआ खास इस्रायलहून आली होती. काकांचा हट्ट एकच — प्रार्थना मी म्हणणार, पूर्ण म्हणणार, आणि नोआ ती रेकॉर्ड करून तिकडे सगळ्यांना ऐकवणार. डॉक्टर म्हणाले, ऑक्सिजन नीट चालू असेल तर म्हणा, नाहीतर अजिबात नाही.

मलिदा रविवारी दुपारी. आणि रविवारी सकाळी काकूंचा फोन, "अगं दीपाली, मशीनवर पिवळा दिवा लागलाय. शुक्रवारी रात्रीपासून."

शुक्रवारपासून? मग फोन आत्ता? तर म्हणे शुक्रवारी सूर्य बुडाल्यापासून शनिवारी रात्रीपर्यंत त्यांचा शब्बाथ, काम करायचं नाही, फोनलाही हात लावायचा नाही. आजारपणात चालतं गं, असं मागून काका ओरडत होते, पण घरात एक जादा सिलिंडर होता तो लावून काकूंनी वेळ भागवली होती.

मी पोचले तर घर नुसतं लखलखत होतं. नोआ पायरीवर फुलं लावत होती. मी मशीनचा मागचा फोमचा फिल्टर काढला, तर ओला. आधी वाटलं पाणी सांडलं असेल. काकूंना विचारलं तर त्या अभिमानाने म्हणाल्या की दर शुक्रवारी त्या शब्बाथसाठी घर घासूनपुसून काढतात, त्यात हा फिल्टरही साबणाने धुतात. मग वाळवत कधी? "वाळायला वेळ कुठे असतो? सूर्य बुडायच्या आत सगळं जागच्या जागी नको का?"

घ्या. म्हणजे गेले कित्येक महिने दर शुक्रवारी संध्याकाळी हे मशीन ओल्या फिल्टरमधून श्वास घेत होतं आणि ती ओल जाऊन बसत होती कॉलममध्ये. ऑक्सिजन मोजला तर कसाबसा साठ-पासष्ट टक्के. असायला हवा नव्वदच्या वर. कॉलम गेलेले. काकूंचा चेहरा एवढासा झाला. मी म्हटलं, काळजी नको, याच मॉडेलचे नवे कॉलम माझ्या स्कूटरच्या डिकीत आहेत.

मी मशीन उघडलं, जुने कॉलम काढले, गॅलरीत नेऊन पिशवीत टाकले. आता खाली जाऊन नवे आणायचे... तेवढ्यात काकूंनी पकडलं. आधी चहा. चहा होतो न होतो तोच खोबरं खवायचं राहिलंय, नोआला खवणी जमत नाही, पाट दे गं हिला. माझ्यासारखी पटपट खोबरं खवणारी पनवेलमध्ये दुसरी नाही, हाही माझा एक माज. बसले. खवता खवता पाहुणे यायला लागले, टोप्या घातलेले काका लोक, आपट्याहून आलेलं एक जोडपं, गुलाब, सब्जा, फळांची ताटं. एक तेलाचा दिवा काकांच्या जवळच ठेवत होते, तो मी ओरडून आतल्या खोलीत पाठवला. ऑक्सिजनजवळ ज्योत नको म्हणजे नको. काकू पहिल्या वाट्याचं ताट, एलियाहू हनाबींचं, चक्क मशीनवर ठेवायला निघाल्या. मशीनवर काही ठेवायचं नाही काकू. मग ते शेजारच्या स्टुलावर गेलं.

इतक्यात नोआ धावत आली. सिलिंडरचा काटा लाल पट्टीवर. रविवार, भरून देणारा बंद. आता मशीन चालू झालं नाही तर काकांना प्रार्थना सोडाच, मलिदा टाकून हॉस्पिटल गाठावं लागणार. मी खोबऱ्याचे हात साडीला पुसत पळाले, मशीनचं मागचं झाकण बसवलं, स्क्रू आवळले, बटण दाबलं.

जरा वेळ घरघर... आणि हिरवा दिवा. मी मोजला — पंच्याण्णव टक्के. पुन्हा मोजला, तोच आकडा. काकांच्या नाकात नळी दिली, बोटाला ऑक्सिमीटर लावला. तोही झकास. काका म्हणाले, "इंजिनियरीणबाई, आज एकदम डोंगरावरची हवा दिलीस."

आणि मग काका गायले. खरं सांगते, मला ती भाषा कळत नाही. पण त्या माणसाने खुर्चीत ताठ बसून, नाकात नळी घेऊन, असा आवाज लावला की खालच्या दुकानातली माणसं जिन्यात येऊन उभी राहिली. मध्ये कुठे थांबणं नाही, धाप नाही. सगळे त्यांच्या मागून म्हणत होते. मशीन ठरावीक वेळाने फुस्स करून हवा सोडतं ना, तेसुद्धा बरोबर कडव्याच्या शेवटी येत होतं. नोआ एका हातात फोन धरून दुसऱ्या हाताने डोळे पुसत होती. मी तर सरळ रडलेच. इतका आनंद मला मशीन दुरुस्त करून कधी झाला नव्हता, आणि आपण हे केलं या विचाराने छाती जरा जास्तच फुगली होती.

जेवणं झाली. काकूंनी माझ्या सासूबाईंसाठी मलिद्याचा डबा भरून दिला. मी खाली आले, स्कूटरची डिकी उघडली, तर डबा बसेना. आत एक खोका होता.

नवे कॉलम. दोन्ही. सीलबंद.

जुने गॅलरीत पिशवीत. नवे इथे. मग वर मशीनमध्ये...? मी तो जिना कशी चढले मला माहीत नाही. काका मजेत नोआशी गप्पा मारत होते, हिरवा दिवा सुरू, मी पुन्हा मोजला, पंच्याण्णव. काकांना सिलिंडरच्या उरल्यासुरल्या ऑक्सिजनवर घेतलं, मशीन बंद करून झाकण उघडलं.

आत काहीच नव्हतं. कॉलमच्या दोन्ही जागा रिकाम्या, नळ्यांची तोंडं उघडी, हवेत लोंबकळत. मी काढून ठेवली होती तश्शीच. अशा मशीनमधून ऑक्सिजन येणं राहू द्या, त्याने सुरू केल्या केल्या बोंब मारायला हवी होती, आणि उघड्या नळ्यांचा फसफसाट रस्त्यावर ऐकू जायला हवा होता.

नोआ वाकून आत बघत होती. तिने तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत विचारलं, इथे काय असतं? मी म्हटलं, इथेच ऑक्सिजन तयार होतो. मग तिने आजीला हाक मारली.

मी नवे कॉलम आणले, बसवले, दोनदा तपासले, मशीन लावलं. ऑक्सिजन आला त्र्याण्णव. म्हणजे कंपनीचे कोरे कॉलम बसवल्यावर मशीन आधीपेक्षा दोनने कमी देत होतं! मी सगळं काकूंना सांगितलं. रागावतील असं वाटलं होतं, म्हातारा माणूस रिकाम्या मशीनवर बसवला होता मी. त्यांनी स्टुलावरच्या ताटाकडे बघून हात जोडले आणि मला जवळ ओढून घट्ट धरून ठेवलं.

आता तुमच्या आधी माझ्याच कमेंट मी लिहिते. ऑक्सिजन मोजायचा अ‍ॅनालायझर खराब असेल? त्याच संध्याकाळी दुकानात तपासला, अगदी बरोबर होता. ऑक्सिमीटर चुकला? मग काकांचा चेहरा बघा, नळी काढली की हा माणूस थोड्याच वेळात राखेच्या रंगाचा होतो, मी स्वतः पाहिलंय. सिलिंडरची नळीच नाकात राहिली असेल? ती मीच काढून गुंडाळून ठेवली होती, आणि मशीनची नळी माझ्या हाताने लावली होती. मधल्या वेळात कुणी कॉलम बसवून पुन्हा काढले? झाकणावर मी आवळलेले स्क्रू तसेच होते, आणि शेजारी मीच बसले होते. माझ्या नवऱ्याचं म्हणणं, काका उत्साहाच्या भरात नुसत्या हवेवर गायले. बरं. मग नोआने पाठवलेलं रेकॉर्डिंग ऐक म्हटलं. त्यात मशीनचं ते फुस्स, फुस्स स्पष्ट ऐकू येतं. तो आवाज कॉलम हवा सोडतात तेव्हाच येतो. कॉलमच नव्हते. यावर तो "हं" म्हणाला आणि आंघोळीला गेला.

सासूबाई मूळच्या विचुंब्याच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, डबा उघडला, एक घास खाल्ला आणि म्हणाल्या, "त्यांचा देव हाय ना तो, त्याला काय तुजे कॉलम लागतात? तू खा आदी." त्यांच्यापुरता विषय तिथेच मिटला.

माझ्यापुरता नाही मिटला. मी आजही ते मशीन डोळ्यांसमोर आणून एकेक नळी तपासते आणि काही सापडत नाही. स्पष्टीकरण नाही. वायरिंग चेक केलंय, मंडळी.

काकूंना मी फिल्टरचे दोन जोड दिलेत, एक धुवायला, एक लावायला. नोआने तिकडे त्या रेकॉर्डिंगवर सगळ्या नातेवाइकांना रडवलंय म्हणे. काका ठणठणीत नाहीत, पण मजेत आहेत. परवा सर्व्हिसिंगला गेले होते. झाकण लावून बटण दाबलं, ऑक्सिजन मोजला, त्र्याण्णव. काकांनी पेपरमधून डोकं वर काढलं.

"काय गं, कॉलम आहेत ना आत?"

"आहेत काका. दोनदा बघितले."

"हां," काका म्हणाले आणि पुन्हा पेपर उघडला. "तरीच आज जरा कमी येतंय."