चक्कीवाल्याच्या घरचा मका

हिवरखेडच्या बाजारओळीत नत्थुजींची पिठाची चक्की आहे. अर्ध्या गावाची ज्वारी तिथून पीठ होऊन घरोघरी जाते आणि या गोष्टीचा नत्थुजींना भारी अभिमान आहे. पण अभिमान तोंडाने सांगत बसण्यातला हा माणूस नव्हे. ते फक्त दळलेलं पीठ चिमटीत धरतात, बोटांवर घासतात आणि "हं" म्हणतात. त्या "हं"मधून ज्याने त्याने काय ते समजून घ्यावं. भाकर म्हणजे ज्वारीची, बाकी सगळा फराळ, एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान. सत्तरी गाठेपर्यंत त्याला कोणी धक्का लावला नव्हता.

धक्का बसला तो थेट मेक्सिकोहून. त्यांची मुलगी पौर्णिमा आणि जावई कुलदीप तिकडे असतात. जावई मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे. पौर्णिमाच्या बाळंतपणाला नत्थुजींची बायको मैनाबाई तिकडे गेली आणि सहा महिने राहिली. जाताना डिंकाचे लाडू नेले, हळद नेली आणि नवऱ्याने स्वतः दळून दिलेलं ज्वारीचं पीठ नेलं. पीठ किती दिवस पुरणार? ते संपलं तेव्हा शेजारच्या लुपे नावाच्या म्हातारीने तिला आपल्या चुलीपाशी नेऊन बसवलं. लुपेला मराठी येत नव्हती, मैनाबाईला तिची भाषा येत नव्हती. तरी दोघी रोज सकाळी तासभर बोलायच्या आणि त्या बोलण्यात मैनाबाई मका रांधायला शिकली.

परत आल्यावर तिने गजेंद्रच्या पानठेल्यावरून खायचा चुना मागवला. बाई परदेशातून पान खायला शिकून आली असं नत्थुजींना वाटलं. पण मैनाबाईने तो चुना पातेल्यातल्या पाण्यात कालवला, त्यात वाळका मका टाकून उकळला आणि रात्रभर तसाच झाकून ठेवला. सकाळी दाणे चोळले तर सालं सुटून आली. मग चार पाण्यानं धुऊन तिने ते दाणे पाट्यावर वाटले आणि त्या ओल्या पिठाच्या पातळ भाकरी तव्यावर टाकल्या. घरभर एक वेगळाच वास सुटला. नत्थुजींच्या मते मका हे कोंबड्यांचं खाणं होतं, पण तेवढ्यावर ते गप्प बसलेही असते. त्यांना खरा सलला तो पाटा. चक्कीवाल्याच्या घरी बायको पाट्यावर वाटते, ही बातमी गावात पसरायला वेळ लागला नाही.

"नत्थुजी, चक्की बंद पडली काय जी?" दळण घेऊन आलेल्या तानुबाईने विचारलं.

"चालू आहे," नत्थुजी म्हणाले.

नवऱ्याचे हाल मैनाबाईने केले नाहीत, हे सांगायलाच हवं. त्यांच्या ताटात ज्वारीचीच भाकर पडायची. स्वतः मात्र ती दोन्ही वेळा मका खायची, कधी ठेच्याशी, कधी अंबाडीच्या भाजीशी, आणि वाटताना काहीबाही गुणगुणायची. लग्न झाल्यापासून नत्थुजींनी तिचं गुणगुणणं ऐकलं नव्हतं. बाईचं मन तिकडेच राहिलं असा त्यांनी त्याचा अर्थ काढला.

श्रावणात फोन आला. पौर्णिमाला पुन्हा दिवस गेले होते.

"आई, येशीन ना?"

"पाहू," मैनाबाई म्हणाली.

बाजेवर पडलेले नत्थुजी उठून बसले. त्यांच्या घरात "पाहू" म्हणजे हो. मागच्या बाळंतपणाचे सहा महिने त्यांनी कसे काढले हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. भाकर ते स्वतःच थापायचे, तो प्रश्न नव्हता. संध्याकाळी दळणं संपली की घरी जायचं त्यांच्या जिवावर यायचं. मग पट्टा उतरवून ते नुसती मोटर चालू ठेवायचे, कानांना तेवढीच सोबत. लाईटचं बिल पाहून चक्कीचा धंदा वाढला असं लोकांना वाटलं. बायको पुन्हा गेली तर परत येणार नाही या भीतीने त्यांची झोप उडाली. "जाऊ नको" हे दोन शब्द बोलायचे, तर त्यांच्या घराण्यात अजून कोणी बोललं नव्हतं.

तेव्हा त्यांनी चक्कीवाल्याच्या डोक्याने तोड काढली. तो मका आपल्या चक्कीतून उतरवायचा. घरात डबा भरून मक्याचं पीठ असलं, मेक्सिकोचा स्वाद हिवरखेडात मिळाला, की बाई कशाला जाते?

महालक्ष्म्या बसायच्या आदल्या दिवशी मैनाबाई बहिणीकडे तेल्हाऱ्याला गेली. नत्थुजींनी आदल्या रात्रीच चक्कीवर मका चुन्यात उकळून झाकून ठेवला होता. सकाळी नुसतं पाणी निथळलं. धुतला नाही. धुतलं की धान्याचं सत्त्व जातं, हे ते सगळ्या गावाला सांगत आले होते. दाणे पंख्याखाली पसरले, दुपारी हात लावून पाहिला, वरून कोरडे लागले. दुसऱ्या कोणी असं धान्य आणलं असतं तर दात लावून पाहिल्याशिवाय त्यांनी ते चक्कीत टाकू दिलं नसतं. पण घाई माणसाला आंधळं करते.

पायली टाकली तशी चक्कीने आधी सूर बदलला, मग घरघर केली आणि थांबली. दगड उघडून पाहिला तर खाचाखाचांत पिवळा गोळा गच्च बसलेला. बाहेर नैवेद्याची भाकर आणि आंबील यांसाठी ज्वारी घेऊन बायांची रांग लागलेली, सगळ्यांत पुढे तानुबाई.

"आता तरी बंद पडली काय जी?"

"पडली," नत्थुजी म्हणाले.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. रांग उठून बसस्टँडवरच्या दुसऱ्या चक्कीवर गेली. नत्थुजींनी दुपारभर छन्नीने दगड खरवडला. चक्की काही आज सुरू होणार नव्हती. मग उरलेला मका घेऊन ते घरी आले, दार लावलं आणि पाट्यावर बसले. वाटायला फार त्रास झाला. वाटलेल्या मक्याची एकच भाकर झाली, तीही पोळपाटाएवढी जाड.

मैनाबाई दिवेलागणीला आली. वाटेत तिला सगळी हकीकत कळली होती. हातपाय धुऊन ताटावर बसली आणि तिने पहिला घास घेतला. जीभ चुरचुरली असणार. घास तिने गिळला आणि तांब्याभर पाणी प्यायली.

"धुतला नाही काय?"

"धुतलं का सत्त्व जाते."

"चुना जाते. सत्त्व राह्यते." तिने ताट बाजूला सरकवलं. "कावून केलं हे?"

नत्थुजींनी तवा चुलीवरून उतरवला. मग म्हणाले, "इथंच भेटलं तर तिकडं जा नाही लागणार तुले."

"मी मक्यासाठी जाऊन राहिली, असं वाटलं तुमाले?"

"दोन्ही वख्त तेच खातं तू. मन तिकडंच आहे तुयं."

"तिकडं मले रत्तीभर करमलं नाही," मैनाबाई म्हणाली. "मले ज्वारीची भाकर आवडत नाही."

"कवापासून?"

"लहान होती तवापासून."

"कधी बोलली नाही."

"कोनी इचारलं नाही. माहेरी ज्वारी, तुमच्या घरी ज्वारी. लुपेनं पहिल्याच दिवशी दोन-तीन परकार ताटात ठेवले अन् बोटानं इचारलं, यातलं कोन्तं? मले समजेच ना, ही काय इचारून राहिली."

नत्थुजींना फार वाईट वाटलं. एवढी वर्षं या बाईने रोज ज्वारीच्या भाकरी थापल्या आणि त्यांनी रोज तुकडा मोडून "हं" म्हटलं होतं.

"बाळंतपणाले मात्र जाईन," ती म्हणाली. "लेक आहे, जा लागते. अन् वापस येईन. मागच्या वख्ती आली नाही काय?"

"आली," नत्थुजी म्हणाले.

त्यांनी तिने सरकवलेलं ताट उचललं. मग विचारलं, "उद्या काय खाशीन?"

मैनाबाईने पदराने तोंड पुसलं.

"महालक्ष्म्याईले ज्वारीची. मले मक्याची. तुमीच करा. पन चार पाण्यानं धुवा."

पातेल्यात थोडा मका अजून शिल्लक होता. नत्थुजी ते घेऊन मोरीवर बसले आणि दाणे चोळू लागले. पहिलं पाणी दुधासारखं निघालं. दुसरं जरा बरं, तिसरं त्याहून बरं. चौथं अगदी स्वच्छ आलं. पाचवं त्यांनी आपल्या मनाने घेतलं.